श्रेयांकांचा सेतू: कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठाकडे जाणाऱ्या मानव्यविद्या पदवीचे नियोजन

उच्च शिक्षणाचा विचार करताना प्रवेशाच्या प्रश्नाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे प्रवेशानंतरच्या वाटचालीला दिले जात नाही. महाविद्यालयाचे दार सर्वांना खुले केले म्हणजे समान संधी दिली, असा समज रूढ आहे. परंतु एका संस्थेत मिळविलेले शिक्षण दुसऱ्या संस्थेने मान्य केले नाही, तर खुले दार पुढे बंद भिंतीपाशी नेऊन सोडते. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा, म्हणजेच सामुदायिक महाविद्यालयांचा, शतकभराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

या महाविद्यालयांत दोन वर्षे शिकावे, तेथील श्रेयांक घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात दाखल व्हावे आणि आणखी दोन वर्षांत स्नातक पदवी मिळवावी, अशी ही योजना आहे. योजना सरळ दिसते. प्रत्यक्षात तिच्यात गळती मोठी आहे. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक नव्या संस्थेत वाया गेले. कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या मनात स्नातक पदवीचे उद्दिष्ट असते. मात्र त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थीच चार वर्षांच्या संस्थेत पोहोचतात आणि सहा वर्षांच्या आत स्नातक होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्के आहे.

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, कला-इतिहास, भाषा या मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांपुढे ही अडचण वेगळ्या रूपात उभी राहते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कोणते गणित आणि कोणते भौतिकशास्त्र घ्यावयाचे हे ठरलेले असते. मानव्यविद्येत निवडीला वाव अधिक असल्याने वाट चुकण्याचा संभवही अधिक असतो. या लेखात कॅलिफोर्निया राज्यातील व्यवस्थेच्या आधारे अशा पदवीचे नियोजन कसे करावे, हे पाहावयाचे आहे. श्रेयांक मिळविणे आणि ते श्रेयांक इच्छित पदवीला लागू होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या साऱ्या विवेचनाचे सूत्र होय.

व्यवस्थेची जडणघडण

अमेरिकेतील आज अस्तित्वात असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यात जॉलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झाले. कॅलिफोर्नियाने १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांना शालान्त शिक्षणापुढील वर्ग चालविण्याची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे वर्ग सुरू झाले. या प्रयत्नांना निश्चित आकार मिळाला तो १९६० च्या उच्च शिक्षण बृहद् आराखड्याने. क्लार्क केर हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि या आराखड्याच्या प्रमुख शिल्पकारांत त्यांची गणना होते.

आराखड्याने राज्याच्या उच्च शिक्षणाचे तीन स्तर ठरविले. संशोधनप्रधान कॅलिफोर्निया विद्यापीठाने शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांतून, कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने वरच्या एक तृतीयांशातून विद्यार्थी घ्यावेत आणि कम्युनिटी कॉलेजांनी शिक्षणाचा लाभ घेऊ शकणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश द्यावा, असे हे सूत्र होते. पहिल्या दोन स्तरांवर निवड कठोर असल्याने तिसऱ्या स्तरातून वर जाण्यासाठी जिना असणे न्याय्यतेच्या दृष्टीने अपरिहार्य होते. तो जिना म्हणजे तेथे ‘ट्रान्सफर’ या नावाने ओळखले जाणारे स्थानांतर होय.

आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे असून त्यांत सुमारे २० लाख विद्यार्थी शिकतात. नोकरी सांभाळून शिकणारे, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे, स्थलांतरित कुटुंबांतून आलेले आणि शिक्षणात खंड पडलेले प्रौढ असे नाना प्रकारचे विद्यार्थी येथे एकाच वर्गात बसतात. राज्यातील रहिवाशांसाठी २०१२ पासून प्रतिश्रेयांक ४६ डॉलर एवढे शुल्क आहे. म्हणजे ६० श्रेयांकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २,७६० डॉलर शुल्कात पूर्ण होऊ शकतो आणि अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांना हे शुल्कही माफ होते. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठात रहिवासी विद्यार्थ्याचे केवळ एका वर्षाचे शिक्षणशुल्क सुमारे १५ हजार डॉलरच्या घरात जाते. सामान्य कुटुंबातील मुलीला इतिहास किंवा तत्त्वज्ञान शिकावयाचे असेल, तर पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढणे हा अनेकदा एकमेव परवडणारा मार्ग ठरतो.

पदवीचे तीन घटक

सर्वसाधारणपणे सत्रातील एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यासाठी सुमारे दोन तास स्वाध्याय असे गणित असते. बहुतेक विषय तीन श्रेयांकांचे असतात. प्रयोगशाळेसह विज्ञान विषय चार आणि भाषा अनेक ठिकाणी पाच श्रेयांकांची असते. बारा श्रेयांक घेणारा विद्यार्थी पूर्णवेळ मानला जातो. परंतु दोन वर्षांच्या चार सत्रांत ६० श्रेयांक पूर्ण करावयाचे तर दर सत्रात १५ श्रेयांक घ्यावे लागतात. ‘पूर्णवेळ’ या शब्दाने फसून दर सत्रात १२ श्रेयांक घेणाऱ्या विद्यार्थ्याला पाच सत्रे लागतात, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे.

या ६० श्रेयांकांचे तीन घटक असतात. पहिला सामान्य शिक्षणाचा, दुसरा मुख्य विषयाच्या पूर्वतयारीचा आणि तिसरा ऐच्छिक विषयांचा.

सामान्य शिक्षणाच्या बाबतीत अलीकडे एक महत्त्वाची सुधारणा झाली आहे. पूर्वी दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांचे आराखडे निरनिराळे होते आणि कोणता पाळावा या संभ्रमात विद्यार्थी जादा विषय घेऊन बसत. २०२१ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार, २०२५ च्या शरद सत्रापासून नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘कॅल-जेटसी’ नावाचा एकच आराखडा लागू झाला आहे. तो किमान ३४ श्रेयांकांचा आहे. त्यात इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार आणि मौखिक संवाद यांना मिळून ९, गणित किंवा संख्यात्मक तर्काला ३, कला आणि मानव्यविद्यांना ६, सामाजिक शास्त्रांना ६, प्रयोगशाळेसह भौतिक आणि जीवविज्ञानांना ७ आणि वांशिक समूहांच्या अभ्यासाला ३ श्रेयांक अशी विभागणी आहे. प्रत्येक विषयात किमान ‘सी’ श्रेणी आवश्यक असते. गणिताच्या भीतीने मानव्यविद्यांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की, येथे संख्याशास्त्राचा एक विषयही ही अट पूर्ण करतो. तो शेवटच्या सत्रापर्यंत लांबणीवर टाकू नये, कारण तेथे अपयश आल्यास सारा प्रवेशच धोक्यात येतो.

मानव्यविद्येतील खरी मेख

बहुतेक महाविद्यालये ‘कला आणि मानव्यविद्या’ अशा व्यापक नावाची असोसिएट पदवी देतात. नियमानुसार तिच्यात एखाद्या मुख्य विषयाचे किंवा अभ्यासक्षेत्राचे किमान १८ श्रेयांक असावे लागतात. विद्यार्थी थोडे नाट्यशास्त्र, थोडा चित्रकलेचा इतिहास, थोडे धर्मांचे तौलनिक अध्ययन आणि थोडे साहित्य घेऊन हे १८ श्रेयांक पूर्ण करतो. पदवी हाती पडते, दीक्षान्त समारंभही होतो.

मात्र ही महाविद्यालयाची स्थानिक पदवी असते. विद्यापीठात विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षात ज्या विभागात जावयाचे असते, तो विभाग ‘मानव्यविद्या’ नसून बहुधा इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान किंवा कला-इतिहास असतो. इतिहास विभाग विचारतो, अमेरिकेच्या आणि जगाच्या इतिहासाचे पायाभूत विषय झाले आहेत काय? इंग्रजी विभाग साहित्याच्या कालखंडनिहाय सर्वेक्षणाची चौकशी करतो. नाट्यशास्त्राचे श्रेयांक तेथे नाकारले जात नाहीत. त्यांची नोंद ‘ऐच्छिक’ या सदरात होते. ६० श्रेयांक मान्य होऊनही विद्यार्थ्याला मुख्य विषयाची सुरुवात पहिल्या वर्षापासून करावी लागते. श्रेयांक गेले नाहीत, पण उपयोगीही पडले नाहीत, अशी ही स्थिती असते. विद्यापीठाच्या दराने एक जादा सत्र काढावे लागले, तर कम्युनिटी कॉलेजाच्या दोन वर्षांत झालेल्या बचतीचा काही भाग त्यात खर्ची पडू शकतो.

या अडचणीवर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ‘स्थानांतरासाठी असोसिएट पदवी’ हा नवा प्रकार निर्माण केला. इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान, कला-इतिहास, स्पॅनिश अशा विषयांसाठी राज्यभर समान आदर्श अभ्यासक्रम तयार करण्यात आले. सामान्य शिक्षण आणि मुख्य विषयाचे किमान १८ श्रेयांक मिळून ६० श्रेयांकांत ही पदवी पूर्ण होते. अशा पदवीधराला राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत कोठे ना कोठे प्रवेशाची हमी असते आणि समान विषयात आणखी ६० श्रेयांकांत स्नातक पदवी पूर्ण करता येते. तथापि या हमीच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. हमी व्यवस्थेतील प्रवेशाची आहे, विशिष्ट परिसराची नाही. शिवाय ती राज्य विद्यापीठापुरती आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विभागांच्या अटी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

शेवटापासून आरंभाकडे

यावरून नियोजनाचे मूलतत्त्व स्पष्ट होते. विद्यार्थ्याने आपण कोठे आहोत येथून सुरुवात न करता आपल्याला कोठे जावयाचे आहे तेथून मागे येत आखणी करावी.

पहिली पायरी म्हणजे दोन किंवा तीन संभाव्य विद्यापीठे आणि एक मुख्य विषय तात्पुरता का होईना निश्चित करणे. मनाचा निर्णय होत नसेल तर दोन जवळचे विषय निवडावेत. उदाहरणार्थ, इतिहास आणि राज्यशास्त्र किंवा इंग्रजी आणि तत्त्वज्ञान. अशा जोडीत अनेक पायाभूत विषय सामाईक निघतात आणि निवड लांबली तरी नुकसान कमी होते.

दुसरी पायरी समतुल्यता करार पाहण्याची. कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या विषयाशी तुल्य आहे, याचे करार ‘असिस्ट’ नावाच्या राज्यव्यापी संगणकीय कोशात सर्वांसाठी खुले आहेत. हे करार महाविद्यालय, विद्यापीठ परिसर, मुख्य विषय आणि शैक्षणिक वर्ष या चारही बाबींनुसार बदलतात. मैत्रिणीला मान्य झालेला विषय आपल्यालाही मान्य होईल असे गृहीत धरणे धोक्याचे असते. ज्या वर्षी विषय घेतला त्या वर्षीचा करार छापून जपून ठेवावा. विषयांचे क्रमांक प्रत्येक महाविद्यालयात निराळे असल्याने होणारा घोळ टाळण्यासाठी २०२१ च्या आणखी एका कायद्याने समान विषयक्रमांकांची पद्धत सुरू केली असून २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे.

तिसरी पायरी दुहेरी उपयोगाचे विषय शोधण्याची. जागतिक इतिहासाचा एकच विषय सामान्य शिक्षणातील मानव्यविद्येची अट आणि मुख्य विषयाची अट अशा दोन्ही पूर्ण करू शकतो. श्रेयांक एकदाच मोजले जातात, अटी मात्र दोन सुटतात. असे विषय जितके अधिक, तितकी ऐच्छिक विषयांसाठी मोकळी जागा अधिक.

चौथी पायरी भाषेची. असोसिएट पदवीला परकीय भाषा बहुधा आवश्यक नसते. नव्या सामान्य शिक्षण आराखड्यातही तिचा समावेश नाही. परंतु विद्यापीठाच्या अनेक परिसरांत मानव्यविद्येच्या पदवीसाठी इंग्रजीव्यतिरिक्त भाषेचे ज्ञान अनिवार्य आहे. कागदावर न दिसणारी ही अट तिसऱ्या वर्षात अचानक समोर येते. भाषा क्रमाक्रमाने शिकावी लागत असल्याने एका सत्रात ती उरकता येत नाही. म्हणून तिचा आरंभ पहिल्या सत्रापासून करणे हिताचे ठरते.

पाचवी पायरी मर्यादांचे भान ठेवण्याची. कॅलिफोर्निया विद्यापीठ कम्युनिटी कॉलेजातील जास्तीत जास्त ७० श्रेयांक पदवीसाठी मोजते. त्यापुढील विषयांचे ज्ञान मान्य होते, श्रेयांक वाढत नाहीत. केंद्र सरकारच्या पेल अनुदानालाही आयुष्यभरासाठी पूर्णवेळ १२ सत्रांची मर्यादा आहे. कम्युनिटी कॉलेजात दिशाहीनपणे घालविलेली सत्रे यातून वजा होतात आणि विद्यापीठात गरज असते तेव्हा अनुदान संपलेले असते.

चार सत्रांचा नमुना आराखडा

इतिहासात स्नातक होऊ इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तिच्यासाठी पुढीलप्रमाणे आखणी करता येईल.

पहिले सत्र: इंग्रजी लेखन ३, अमेरिकेचा इतिहास भाग पहिला ३, परकीय भाषा पहिली पातळी ५, संख्याशास्त्र ४. एकूण १५ श्रेयांक.

दुसरे सत्र: चिकित्सक विचार आणि लेखन ३, अमेरिकेचा इतिहास भाग दुसरा ३, परकीय भाषा दुसरी पातळी ५, प्रयोगशाळेसह जीवविज्ञान ४. एकूण १५ श्रेयांक.

तिसरे सत्र: जागतिक इतिहास भाग पहिला ३, कला-इतिहास ३, अमेरिकी शासनव्यवस्था ३, मौखिक संवाद ३, वांशिक समूहांचा अभ्यास ३. एकूण १५ श्रेयांक.

चौथे सत्र: जागतिक इतिहास भाग दुसरा ३, स्त्रियांचा किंवा अल्पसंख्य समूहांचा इतिहास ३, इतिहासाचा आणखी एक विषय ३, भूविज्ञान किंवा खगोलशास्त्र ३, ऐच्छिक ३. एकूण १५ श्रेयांक.

चारही सत्रांची बेरीज ६० होते. इतिहासाचे सहा विषय मिळून मुख्य विषयाचे १८ श्रेयांक होतात. संख्याशास्त्र येथे चार श्रेयांकांचे धरल्याने सामान्य शिक्षणाचे ३५ श्रेयांक होतात. अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला भाग सामाजिक शास्त्रांत आणि जागतिक इतिहासाचा पहिला भाग मानव्यविद्यांत मोजला जात असल्याने सहा श्रेयांकांचा दुहेरी उपयोग झाला. त्यामुळे भाषेचे १० आणि मनाजोगत्या एका विषयाचे ३ श्रेयांक सामावू शकले. शिवाय राज्य विद्यापीठाच्या पदवीसाठी अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था यांची जी स्वतंत्र अट असते, तीही येथेच पूर्ण होते. नोकरी करणाऱ्या विद्यार्थिनीने हाच आराखडा सहा सत्रांत पसरून घ्यावा. क्रम मात्र बदलू नये.

हा नमुना आहे, आदेश नव्हे. प्रत्येक महाविद्यालयाची विषयसूची वेगळी असते. प्रत्येक सत्राच्या आरंभी समुपदेशकाची भेट घेऊन लेखी शैक्षणिक आराखडा तपासून घेणे आवश्यक आहे. एका समुपदेशकाकडे शेकडो विद्यार्थी असतात. म्हणून भेटीला जाताना आपला कच्चा आराखडा आणि प्रश्नांची यादी सोबत न्यावी.

काळाचे गणित

नियोजन कोलमडण्याचे एक कारण म्हणजे अर्जाची वेळ. पुढील शरद सत्रातील प्रवेशासाठी दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांचे अर्ज साधारणपणे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये स्वीकारले जातात. दोन वर्षांत जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीने हा अर्ज तिसऱ्या सत्रात करावयाचा असतो. त्या वेळी तिच्या हाती केवळ पहिल्या दोन सत्रांच्या श्रेणी असतात. म्हणजे विषयाचा शोध घेण्यासाठी दोन वर्षे मिळतात असे वाटत असले तरी प्रत्यक्षात एकच वर्ष मिळते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा परिसरांत ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची लेखी हमी देण्याची पद्धत आहे. तिचा अर्ज त्याही आधी, सप्टेंबरमध्ये करावा लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो येथे अशी हमी मिळत नाही. रहिवासी विद्यार्थ्यांसाठी किमान श्रेणी सरासरी २.४ असली तरी स्पर्धा असलेल्या परिसरांत प्रत्यक्ष निवड त्याहून बऱ्याच वरच्या पातळीवर होते. पहिल्या सत्रातील हलगर्जीपणा म्हणूनच महागात पडतो.

अर्जात विद्यार्थ्याला चार प्रश्नांची प्रत्येकी कमाल ३५० शब्दांत उत्तरे लिहावी लागतात. मुख्य विषयाची तयारी कशी केली, हा त्यातील अनिवार्य प्रश्न आहे. आधीपासून विषय विचारपूर्वक निवडले असतील तर या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेतच तयार झालेले असते.

मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी आणि भारतातून शिक्षणासाठी जाणाऱ्यांसाठी काही बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. वर दिलेले ४६ डॉलरचे शुल्क राज्यातील रहिवाशांसाठी आहे. विद्यार्थी परवान्यावर जाणाऱ्याला अनिवासी शुल्क अनेक पटींनी अधिक भरावे लागते आणि दर सत्रात किमान १२ श्रेयांकांची पूर्णवेळ नोंदणी राखावी लागते. ‘स्वस्त मार्ग’ एवढ्याच ऐकीव माहितीवर निर्णय घेणे योग्य नव्हे.

भाषेच्या अटीबाबत मात्र एक अनुकूल गोष्ट आहे. २०२५ पूर्वी दाखल झालेल्यांना लागू असलेल्या जुन्या आराखड्यात, इंग्रजीव्यतिरिक्त भाषेच्या माध्यमातून सहावी किंवा त्यापुढील किमान दोन वर्षांचे शालेय शिक्षण समाधानकारकपणे झाले असल्यास भाषेची अट पूर्ण झाली असे मानले जात असे. मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलेल्या विद्यार्थ्याची शालेय प्रगतिपुस्तके या कामी उपयोगी ठरत. नव्या विद्यार्थ्यांनी आपल्या इच्छित परिसराचा नियम विचारून घ्यावा आणि गावच्या शाळेतील जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत. जी मातृभाषा अडसर ठरेल अशी भीती वाटते, तीच येथे दहा श्रेयांकांचा भार हलका करू शकते.

भारतासाठी बोध

हा सारा अनुभव आपल्याला आज विशेष निकटचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजांची योजना हाती घेतली. तिचा भर प्रामुख्याने व्यवसायकौशल्यावर होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संस्था बदलण्याचा, शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याचा मार्ग सर्वच विद्याशाखांना खुला केला. २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम आले. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार ४० श्रेयांकांना प्रमाणपत्र, ८० ला पदविका, १२० ला तीन वर्षांची पदवी आणि १६० ला चार वर्षांची सन्मान पदवी अशी सोपानरचना ठरली. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी व्यवसायकौशल्याच्या चार अतिरिक्त श्रेयांकांची जोड त्यात आहे.

बँकेत रक्कम जमा असणे आणि ती हव्या त्या दुकानात चालणे यांत फरक असतो. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयातून दोन वर्षांचे ८० श्रेयांक घेऊन पुण्यातील किंवा हैदराबादमधील विद्यापीठात इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीला श्रेयांकांची एकूण बेरीज पुरेशी नाही. तिचे प्राचीन भारताच्या इतिहासाचे चार श्रेयांक तेथील कोणत्या विषयाच्या जागी धरले जातील, याचे उत्तर तिला प्रवेशाआधी मिळावयास हवे. कॅलिफोर्नियाला १९६० च्या आराखड्यानंतर समान पदवीपर्यंत पोहोचण्यास ५० वर्षे आणि समान सामान्य शिक्षणापर्यंत पोहोचण्यास ६५ वर्षे लागली. त्यांच्या चुका टाळून आपण हे अंतर लवकर कापू शकतो.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, विषयनिहाय समतुल्यतेचे करार संस्थांनी आपापसांत करून ते विद्यार्थ्यांना सहज पाहता येतील असे, भारतीय भाषांतून, प्रसिद्ध करावेत. दुसरी, मानव्यविद्येच्या प्रत्येक मुख्य विषयासाठी पहिल्या दोन वर्षांचा किमान सामाईक गाभा ठरवावा आणि त्याभोवती स्थानिक इतिहास, बोली, लोककला यांना मोकळी जागा ठेवावी. तिसरी, प्रत्येक महाविद्यालयात श्रेयांकांचे समुपदेशन करणारा प्रशिक्षित अध्यापक असावा. निवडीचे स्वातंत्र्य देताना निवडीची माहिती दिली नाही, तर त्या स्वातंत्र्याचा लाभ ज्यांच्या घरी आधीच शिक्षण पोहोचले आहे त्यांनाच होतो.

इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान हे सुखवस्तू वर्गाचे विषय आहेत, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी इतिहासाच्या वर्गात बसणारी विद्यार्थिनी आपल्या कृतीने हा समज खोडून काढीत असते. तिने मिळविलेला प्रत्येक श्रेयांक पुढच्या पायरीवर मोजला जाईल अशी व्यवस्था उभी करणे हे शासनाचे आणि संस्थांचे कर्तव्य आहे. ती व्यवस्था पूर्णत्वास जाईपर्यंत तिने इच्छित पदवीची अट-यादी पहिल्याच दिवशी मिळवावी आणि तिच्याकडे पाहूनच पहिल्या सत्राचे विषय निवडावेत. दोन वर्षांनंतरचा मनस्ताप टाळण्याचा हाच खात्रीचा मार्ग होय.